रात्री एक दहाचा सुळका

एका शाळेत हवेचा सेन्सर लावला. मुलांनी त्याच्या आकड्यांवरून एक निष्कर्ष काढला, त्याचं निवेदन लिहिलं, निवेदनावर एकेचाळीस सह्या झाल्या, आणि ते विभाग कार्यालयात पोचायच्या तीन दिवस आधी निष्कर्ष साफ चुकीचा निघाला. चूक माझी होती. ती कशी झाली, कुणी पकडली आणि पकडल्यावर काय काय निस्तरावं लागलं, त्याची ही नोंद. असा प्रयोग करू पाहणाऱ्या शिक्षकांना वायरिंगच्या आकृतीपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल, असं वाटतं.

शाळा नवी मुंबईत, कोपरखैरणे आणि घणसोलीच्या मधली, मराठी माध्यमाची, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर. सकाळचं अधिवेशन सातला भरतं. मी याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर शनिवारी गणिताच्या बाईंना मदत करायला जातो. बाईंची तक्रार अशी की आठवी-नववीची मुलं मध्य, मध्यक, बहुलक घडाघडा म्हणतात, पण उदाहरणातले आकडे कुठल्या तरी वर्गातल्या कुणाच्या तरी उंचीचे असतात. त्या आकड्यांशी भांडता येत नाही. बाईंना भांडता येईल असे आकडे हवे होते.

मांडणी

अटल टिंकरिंग लॅब ही केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा मंजूर झालेल्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. इथे तसलं काही नव्हतं. ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा सर्किट बोर्ड, धुळीसाठी प्लँटॉवर कंपनीचा पीएमएस५००३ सेन्सर, तापमान आणि आर्द्रतेसाठी डीएचटी२२ आणि मोबाईलचा जुना चार्जर, एवढाच संसार. वर पोह्यांचा प्लास्टिकचा डबा उलटा घालून त्याला खालून भोकं पाडली आणि डासांची जाळी लावली. जागा मागच्या वऱ्हांड्यातली, संगणक कक्षाच्या खिडकीशी, पत्र्याखाली. ही जागा शास्त्राने निवडलेली नव्हती. प्लग तिथे होता आणि वायफाय तिथपर्यंतच पोचत होतं. दर दोन मिनिटांनी एक नोंद थिंगस्पीकवर, म्हणजे सेन्सरचे आकडे साठवणाऱ्या संकेतस्थळावर जायची, म्हणजे दिवसाला ७२० नोंदी.

सेन्सर धूळ तोलत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं. आत छोटा पंखा हवा ओढतो, हवेतून लेझरचा किरण जातो, कणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि त्या विखुरलेल्या प्रकाशावरून कण किती असतील याचा अंदाज बांधला जातो. घनमीटरला इतके मायक्रोग्रॅम हा शेवटचा आकडा अंदाजावर रचलेला अंदाज असतो. धुरासारखे बारीक कण त्याला चांगले दिसतात, रस्त्यावरची जाडी धूळ फार कमी दिसते. हे वाक्य मी सांगितलं, मुलांनी वहीत उतरवलं, आणि पुढचा महिनाभर त्यांच्यासकट मीही ते विसरलो.

सुरुवातीची एक गंमत बाईंच्या मात्र फार कामाला आली. डीएचटी२२ मधूनच उत्तर देत नाही, आणि उत्तर आलं नाही की शून्य लिहायचं असा आळशीपणा मी प्रोग्रॅममध्ये करून ठेवला होता. एका दुपारच्या दहा नोंदी बाईंनी फळ्यावर लिहिल्या: २९, २९, ३०, ३१, ३१, ३२, ३२, ३१, ०, ०. मध्य काढला, २४.५. घामाने निथळणाऱ्या वर्गात साडेचोवीस अंश! मग मध्यक काढला, ३०.५. "मध्यक कशाला शिकायचा" हा प्रश्न त्या वर्गात पुन्हा निघाला नाही. पण खरा वाद त्यापुढचा होता. ते दोन शून्य खोडायचे, की जागा रिकामी ठेवायची? बाईंनी खोडू दिले नाहीत. शून्याच्या जागी 'नोंद नाही' असं लिहायला लावलं. मोजलंच नाही आणि मोजलं तेव्हा शून्य निघालं, यांतला फरक माझ्या कारखान्यातल्या काही सुपरवायझरांनाही निवृत्त होईपर्यंत कळला नव्हता.

डंपर

डिसेंबरचा पहिला आठवडा संपता संपता मुलांना तो दिसला. पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा आकडा इतर वेळी साठ-सत्तरच्या घरात रेंगाळायचा. पण रोज एका ठरावीक वेळी रेघ उभी चढायची, अडीचशे-तीनशेला टेकायची आणि अर्ध्या तासात उतरायची. मुलांनी त्याला नाव दिलं 'सुळका'. वेळ रात्रीची एक वाजून दहा मिनिटं.

एवढ्या रात्री धूळ कोण उडवतं? उत्तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. डंपर. बांधकामाची रेती, खडी, राडारोडा घेऊन रात्री पळणारे डंपर या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहेत. खिडकीची काच थरथरते, आई उठून खिडकी लावते. एवढी सरळ जुळणी झाल्यावर शंका कोण घेणार? मीही घेतली नाही. उलट, थंडीत रात्री वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि धूर-धूळ खालीच साचते, हे मी मोठ्या उत्साहाने फळ्यावर समजावून दिलं. माहिती खरी होती, पण मी ती चुकीच्या प्रकरणाला जोडत होतो.

आठवड्याभरात निवेदनाचा मसुदा झाला. 'महोदय, आमच्या शाळेच्या परिसरात रात्री १ ते १.३० या वेळेत'... मराठीच्या सरांनी शुद्धलेखन तपासलं. पालकांच्या सह्या जमू लागल्या.

भिंतीवरचे एकतीस कागद

संगणक कक्षात तीनच यंत्रं चालू होती आणि मुलं अडतीस. म्हणून बाईंनी जुनी युक्ती काढली, आलेख कागद. दर दहा मिनिटांची सरासरी संगणकातल्या स्प्रेडशीटवर काढायची, पण उतरवायची हाताने. दहा मिनिटांना एक मिलिमीटर धरला की तासाला सहा आणि अख्ख्या दिवसाला १४४ मिलिमीटर लागतात. कागदावर दिवस चपखल बसतो. उभ्या अक्षावर एक मिलिमीटर म्हणजे दोन मायक्रोग्रॅम. दोघांच्या जोडीला एक दिवस. डिसेंबरचे एकतीस कागद वर्गाच्या मागच्या भिंतीवर ओळीने चिकटवले.

निवेदन द्यायचा दिवस जवळ आला, तेव्हा मी तो देखावा फोनवर टिपत होतो. सगळ्या कागदांवर डावीकडे एकाच जागी सुळका, रांगेत उभ्या दिंडीच्या पताकांसारखा. आठवी ब मधली एक मुलगी, एरवी हात वर न करणारी, माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"सर, डंपरना रविवारी सुट्टी असते?"

मी पाहिलं. दर सातवा कागद सपाट होता. सुळका नाही, टेकाडसुद्धा नाही.

मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "नसते. माझे पप्पा डंपरवर आहेत. रविवारीपण जातात."

मुलीने आणखी एका कागदावर बोट ठेवलं. तो रविवार नव्हता, तरी सपाटच. पंचवीस डिसेंबर.

"डंपरला नाताळपण?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. आयुष्यभर आलेख वाचणाऱ्या माणसाला महिनाभर जे दिसलं नव्हतं, ते तिला दिसलं, कारण एकतीस दिवस एकाच नजरेत मावत होते. शीटवर मी रोज एकच दिवस उघडून बघायचो. कागदावरच्या आलेखाला मागास समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आता प्रश्न बदलला. सोमवार ते शनिवार येतो आणि सुट्टीला दांडी मारतो असा रात्रीचा पाहुणा कोण? एकाने भूत सुचवलं, शाळेची हजेरी पाळणारं. दुसऱ्याने वॉचमन काकांवर बोट ठेवलं: थंडी आहे, शेकोटी करत असतील. काका चिडले. "मी रविवारीपण असतो. रविवारी काय मला थंडी वाजत नाही?" मुद्दा बिनतोड होता. मुलांनी तो फळ्यावर 'पुरावा' या सदराखाली लिहून घेतला.

अगरबत्ती

शेवटी कुणीतरी म्हणालं, यंत्रालाच विचारू. शनिवारी बरोबर नऊ वाजता, बाईंच्या घड्याळाने आणि शाळेच्या घंटेने, डब्याखाली तीन अगरबत्त्या धरल्या. मोगऱ्याच्या. पाच मिनिटांनी विझवल्या. मग फाईल उतरवली आणि सुळका शोधला.

तो होता. साडेतीन वाजता.

नवाला अगरबत्ती आणि साडेतीनला धूर. साडेपाच तासांचा फरक ऐकताच भूगोलाच्या बाई दारातूनच म्हणाल्या, "अरे, ही तर ग्रीनिच वेळ!" त्यांनी तिथेच हिशोब करून दाखवला. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्तावरून ठरते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. साडेब्याऐंशीला पंधराने भागलं की साडेपाच. परीक्षेत दोन गुणांना विचारतात तेच गणित.

माझी चूक तिथे उघडी पडली. थिंगस्पीकवरून फाईल उतरवताना ते कोणत्या ठिकाणची वेळ हवी हे विचारतं, आणि आपण काही निवडलं नाही तर जागतिक वेळ देतं. मी न बघता पुढे गेलो होतो. त्याहून वाईट म्हणजे फाईलमध्ये प्रत्येक वेळेमागे अधिक चिन्ह आणि चार शून्यांची शेपटी होती. शीटला त्या शेपटीमुळे तारीख ओळखता येईना, म्हणून मी सूत्र लावून ती छाटून टाकली होती. ही वेळ कुठली, हे सांगणारी फाईलमधली एकमेव खूण मी 'कचरा' म्हणून काढली होती. डेटा साफ करणं, डेटा साफ करणं असं ज्याचं कौतुक चालतं, त्यात असंही होतं.

एक दहात साडेपाच तास मिळवले. सकाळचे सहा चाळीस.

वर्ग गप्प झाला, कारण सहा चाळीसला काय होतं ते प्रत्येकाला ठाऊक होतं. शाळेमागे देशी बदामाची दोन मोठी झाडं आहेत. थंडीत त्यांची पानं लाल होऊन गळतात. मावशी सकाळी मागचं अंगण झाडतात, पाल्याचा ढीग करतात आणि पेटवतात. सातच्या घंटेला येणारं प्रत्येक मूल त्या धुरातूनच आत येत होतं. वास नाकाला रोज येत होता, डोळे चुरचुरत होते. तरी कुणी म्हणालं नाही की सुळका हाच. आलेख रात्रीचा एक म्हणत होता आणि आम्ही नाकापेक्षा आलेखावर विश्वास ठेवला.

निवेदन बाईंच्या कपाटात गेलं, सह्यांसकट. फाडलं नाही. पुढच्या वर्षी दाखवायला लागेल. डंपरवाल्या पप्पांच्या मुलाने मात्र त्याच दिवशी एक रास्त मुद्दा काढला. जाडी धूळ या सेन्सरला नीट दिसत नाही असं सरांनीच सांगितलं होतं ना? मग डंपर निर्दोष ठरले, असंही म्हणता येणार नाही. सुळका डंपरचा नव्हता, एवढंच सिद्ध झालं.

मावशी

हा भाग कुठल्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत.

बाईंनी मावशींना वर्गात बोलावून कागद दाखवायचं ठरवलं. हेतू चांगला होता. पण एकतीस कागदांसमोर उभ्या राहिलेल्या त्या बाईला त्यात काय दिसलं? अडतीस पोरं तिच्याकडे बघतायत आणि भिंतीवर तिचा गुन्हा टांगलाय.

"म्हणजे ते मीच का?" त्यांनी विचारलं. कुणी बोलेना. मग त्याच म्हणाल्या, "तो धूर तुमच्या आधी मीच खाते. एवढा पाला डब्यात मावत नाय. कुठे टाकू?"

प्रश्न रास्त होता आणि आमच्या ७२० नोंदींत त्याचं उत्तर नव्हतं. कचरा उघड्यावर जाळल्यास पाच हजारांचा दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे. तो मला माहीत होता, पण ज्या बाईला पाला टाकायला जागा नाही तिला आदेश ऐकवण्यात काय अर्थ?

दुसरी ठेच त्याच दुपारी लागली. मुख्याध्यापकांना आलेख आवडले. बघता बघता ते सहज म्हणाले, "म्हणजे मावशी किती वाजता येतात, तेही यात कळतं की!" अर्धी चेष्टा होती. पण कळत होतं. दोन दिवस सुळका सातला पाच मिनिटं कमी असताना होता, आणि हे एका मुलाने आधीच शोधून मोठ्याने सांगितलं होतं. उशीर का झाला, ते फाईलमध्ये नव्हतं. वर आमचं थिंगस्पीकचं चॅनल मी सार्वजनिक ठेवलेलं होतं. जगातल्या कुणालाही मावशींची हजेरी बघता आली असती.

पुढचा शनिवार आम्ही सेन्सरला हात लावला नाही. बाईंनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: हवा मोजायला लावलेलं यंत्र माणूस मोजू लागलं तर? मुलांचं बोलणं माझ्या अपेक्षेपेक्षा पुढचं निघालं. एकजण म्हणाला, मावशींचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. दुसरीने उत्तर दिलं, मागे झाडणारी एकच व्यक्ती असेल तर नाव लिहायची गरज काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातली वैयक्तिक डेटाची व्याख्या याच मुद्द्यावर उभी आहे: ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो, ती. आठवीतल्या मुलीने ती कायदा न वाचता सांगितली.

ठरलं ते असं. चॅनल खासगी. मूळ फाईल बाईंकडे. भिंतीवर रोजचे कागद नाहीत, आठवड्याची सरासरी दाखवणारा एकच कागद. आणि नवीन जागी सेन्सर लावायच्या आधी तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारायचं. मुख्याध्यापकांनी मान्य केलं. थोडे ओशाळलेही.

आकडा किती खरा

हवेच्या बाजूने शिकायचं होतं तेही याच काळात झालं. मुलं मोबाईलवर आपल्या भागाचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक बघू लागली आणि गोंधळली. तिथे हवा 'मध्यम', आमच्याकडे सुळका तीनशेचा. बाईंनी फळ्यावर गोल आकडे घेतले. समजा साडेतेवीस तास आकडा ७० आहे आणि अर्धा तास ३००. दिवसाची सरासरी ७४.८ येते. म्हणजे सुळक्याने सरासरीत पाचाचीही भर पडली नाही. भारताचं २००९ चं मानक, पीएम २.५ साठी ६०, हे चोवीस तासांच्या सरासरीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तोच आकडा १५ वर आणला, तोही चोवीस तासांचाच. आणि मुलं शाळेत शिरतात ती नेमकी त्या अर्ध्या तासात. सरासरी खोटं बोलत नव्हती, तिला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्राच्या रोजच्या सरासरीशी आमची सरासरी ताडून पाहिली. आमची बहुतेक दिवस जास्त. कारण दमटपणा. सकाळच्या ओलसर हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझरला ते मोठे दिसतात. केंद्रातल्या यंत्रात हवा आधी कोरडी केली जाते, आमच्या पोह्यांच्या डब्यात नाही. तेव्हापासून सूचना फलकावर किती ते लिहायचं नाही, केव्हा वाढलं ते लिहायचं, असा नियम आहे. आकडा लिहिला की पालक घाबरून फोन करतात, आणि ज्या आकड्यावर आपलाच विश्वास नाही त्यासाठी कुणाला घाबरवू नये.

खड्डा

जानेवारीत मागच्या भिंतीलगत चार फुटांचा खड्डा खणला. खणला वॉचमन काकांनी आणि नववीच्या मुलांनी. पाला त्यात, वर शेणखताचं पाणी आणि माती. बदामाची पानं चिवट, लवकर कुजत नाहीत, हे मावशींनी आधीच बजावलं होतं. पहिल्या दोन आठवड्यांत सुळका गेला. मुलं नाचली. बाईंनी त्यांना थांबवलं, कारण त्याच दोन आठवड्यांत वाराही सुटला होता आणि दिवसाची अख्खी रेघच खाली आली होती. खड्ड्याचं श्रेय किती आणि वाऱ्याचं किती? त्यावर मुलांनी तोड काढली: दिवसाची सरासरी बाजूला ठेवायची, सहा चाळीसचा आकडा आणि त्याच दिवशीचा सहाचा आकडा यांतला फरक तेवढा बघायचा. वारा दोन्ही वेळी असतो, धूर एकाच वेळी. हे तंत्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मावशी अधूनमधून संगणक कक्षात डोकावतात. रेघ बघतात, काही बोलत नाहीत.

मार्चमधल्या एका सोमवारी सहा चाळीसला रेघ पुन्हा उभी चढली. मंगळवारीही चढली. आठवड्याचा कागद काढायची पाळी आठवी ब मधल्या त्याच मुलीची होती. तिने सुळका जसाच्या तसा काढला, कमी केला नाही, आणि त्याच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: 'खड्डा भरला आहे.'